पहिली दुर्बीण घ्यायचीय: तिसरा मजला, लिफ्ट नाही, बजेट १५ हजार

तिसरा_मजला | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात मित्राच्या आग्रहाने वांगणीला एका रात्रभराच्या आकाशदर्शनाला गेलो होतो. रांगेत उभं राहून गुरू बघितला. पिवळसर गोळा, त्यावर दोन पट्टे आणि एका रेषेत चार ठिपके. मागचा माणूस "अहो काका, चला पुढे" म्हणेपर्यंत मी हललो नाही. तेव्हापासून डोक्यात किडा आहे. दिवाळीत लेमन धूमकेतू शोधायला तीन संध्याकाळी गच्चीवर गेलो, फटाक्यांच्या धुरापलीकडे काही दिसलं नाही. आता बोनसचे थोडे पैसे हाताशी आहेत आणि दुर्बीण घ्यायचीय.

अडचणी अशा. बदलापूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर गच्ची, लिफ्ट नाही. वर्षातून दोनतीनदा राजापूरकडे गावी जातो, रेल्वेने, सामान आणि पोरांसकट. गाडी म्हणजे स्कूटर. त्यामुळे एका माणसाला एका खेपेत उचलून नेता आली पाहिजे. बजेट १५ हजार, फार तर एखादा हजार इकडे-तिकडे. घरात हौसेने घेतलेली एक गिटार कपाटावर चार वर्षं पडून आहे आणि दुर्बिणीचा विषय काढला की बायको फक्त त्या गिटारीकडे बघते. त्यामुळे चुकायला वाव नाही.

ऑनलाइन बघितलेल्यांपैकी तीन डोळ्यात भरल्या. एक, ७६ मिमी आरशाची, लांब नळी, "५२५ पट" लिहिलेली, सगळ्यात स्वस्त. दुसरी, ७० मिमी भिंगाची आखूड, पाठीवरच्या पिशवीसकट. तिसरी, १३० मिमीची टेबलावर ठेवायची, पण ती बजेट फोडते. काय करू?

---

पैसा_वसूल | ९ नोव्हेंबर, ११:४०

५२५ पट स्वस्तात मिळतंय तर विचार कसला? बाकीच्या दोन्ही १०० पटसुद्धा दाखवत नाहीत म्हणे.

---

भिंगरी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:५५

लोकलमधून टंकतेय, शुद्धलेखन माफ.

पैसा_वसूल, तो आकडा कुठून येतो बघा. "पट" ही दुर्बिणीची नाही, आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाची, करामत असते. दुर्बिणीची फोकल लेंथ (भिंग किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची फोकल लेंथ. ७०० मिमीची नळी, ४ मिमीचं आयपीस, झाले १७५ पट. त्याला पुढे तीन पटीचं बार्लो भिंग लावा, झाले ५२५. कागदावर खरंच आहे. पण ७६ मिमीच्या आरशातून जेवढा उजेड येतो तेवढाच येणार. तोच एवढा ताणला की गुरू म्हणजे पाण्यात विरघळलेली बुंदी. ढोबळ नियम असा की मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त पट मागायचे नाहीत. ७६ ला दीडशे. आणि तेही हवा एकदम शांत असेल त्या रात्री. एरवी शंभरच्या आतबाहेर.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. पृथ्वी फिरत असते. ५२५ पटीला दिसणारा आकाशाचा तुकडा इतका चिमुकला की गुरू पंधरा-वीस सेकंदांत बाहेर. तुम्ही "ये गं, बघ" म्हणून बायकोला हाक मारेपर्यंत गेला. ३५ पटीला तोच पाच मिनिटं तरी निवांत राहतो.

म्हणून खोक्यावर पट मोठ्या अक्षरात छापलेत ती दुर्बीण सोडून द्यायची. व्यास मोठ्या अक्षरात छापलेला असेल तर पुढे वाचायचं.

कल्याण आलं.

---

घाटमाथा | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

दुर्बीण घेऊच नका. आधी १० बाय ५० (दहा पट, ५० मिमी भिंगं) बायनॉक्युलर घ्या. गळ्यात अडकवा, चार जिने चढा, रेल्वेत घेऊन जा. राजापूरला किर्र अंधार असेल ना? तिथे आडवं पडून कृत्तिका बघा, ययातीतला जोडगुच्छ बघा, देवयानीतली दीर्घिका बघा. उन्हाळ्यात वृश्चिकाच्या शेपटीजवळचे दोन गुच्छ बघितलेत तर दुर्बिणीचं नाव काढणार नाही. मी हरिश्चंद्रगडावर दहा वर्षं हेच नेतोय. स्टँड नाही, सेटिंग नाही, उलटी प्रतिमा नाही.

गुरूचे चंद्रसुद्धा दिसतात. हात टेकवायला कठडा मात्र हवा.

---

तिसरा_मजला | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

घाटमाथा, पटतंय. पण खरं सांगू का, मला ते पट्टे पुन्हा बघायचेत. गुरूवरचे. आणि चंद्रावरचे खड्डे. बायनॉकमधून दिसतील का?

---

घाटमाथा | १० नोव्हेंबर, ९:३१

पट्टे नाही दिसणार. मोठे खड्डे दिसतील. प्रामाणिक उत्तर.

---

आरसेघाशा | ११ नोव्हेंबर, पहाटे ५:४८

इथल्या पोरांनी माझा प्रतिसाद लांब आहे म्हणून तक्रार करू नये, म्हातारा माणूस आहे, पहाटे झोप येत नाही.

मी १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने या नादाला लागलो. तेव्हा दुकानात दुर्बीण मिळत नव्हती. काचेच्या दोन चकत्या, कार्बोरंडमची पूड, पाणी, आणि पाच महिने रोज संध्याकाळी पिंपाभोवती फिरत घासणे. सहा इंची आरसा झाला. नळी सिमेंटच्या पाइपाची केली. आयुष्यातली पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. ती नळी उचलायला दोन माणसं लागायची. आरसा इतका सुरेख झाला होता की मी शनीच्या कड्यातली फट त्यातून पाहिली आहे. आणि तरीही त्या दुर्बिणीचं आकाशदर्शन पहिल्या वर्षी झालं असेल पंचवीस रात्री, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी घरच्यांनी तिच्यावर वाळवणाची चादर टाकली.

त्यामुळे "एका खेपेत उचलून" ही तुमची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटली. तिच्यावर ठाम राहा.

आता तुमच्या यादीबद्दल. भिंगरीताईंनी पहिलीचा निकाल लावला आहे, मी फक्त एक भर घालतो. असल्या खोक्यात कधीकधी "सन" असं लिहिलेली काळी काच येते, आयपीसला फिरवून बसवायची. ती त्याच दिवशी फोडून टाका. आयपीसपाशी सूर्याची सगळी उष्णता एकवटते, काच कधी तडकेल याचा नेम नाही, आणि त्या क्षणी तिथे डोळा असतो. यात गंमत नाही. सूर्य बघायचाच असेल तर पुढच्या तोंडाला, म्हणजे प्रकाश आत शिरण्याआधी लावायचा गाळणीपडदा असतो. तोसुद्धा जाणत्या माणसाबरोबर.

तिसरी, १३० मिमीची. ही घ्या. बजेट फुटलं तर फुटू दे. ७० पेक्षा जवळजवळ साडेतीन पट उजेड. नळी मिटते, वजन सहा किलोच्या आसपास, बैठक डॉब्सन पद्धतीची. म्हणजे नुसती डावी-उजवी आणि वर-खाली फिरणारी लाकडी पेटी. शिकायला पाच मिनिटं पुरतात. "पण टेबल कुठे ठेवू" असं सगळे विचारतात. टेबल नको. गच्चीवर सतरंजी टाका, वर पाट ठेवा, पाटावर दुर्बीण आणि पुढ्यात मांडी घालून बसा. आयपीस बरोबर डोळ्यासमोर येतं. हे विलायती लोकांना जमत नाही, त्यांना स्टूल लागतं. आपल्याला जेवायला बसल्यासारखं.

---

सातासमुद्रा | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

काका, पाटाची कल्पना उचलली. न्यू जर्सीत आता थंडीत जमिनीवर बसणं मात्र अवघड!

इकडे सगळे एकच सल्ला देतात: सेकंडहँड आठ इंची डॉब (डॉब्सन बैठकीची दुर्बीण) घ्या, विषय संपला. माझ्याकडे आहे. पण ती वीस किलोच्या वर जाते आणि ती मी गॅरेजमधून ढकलत अंगणात नेतो. तिसऱ्या मजल्यावर जायचं असतं तर मी गिटार शिकलो असतो.

अवांतर: ज्यांच्या नावावर ही बैठक ओळखली जाते ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत, म्हणजे रामकृष्ण परंपरेच्या मठात, संन्यासी होते. १९४४ ते १९६७. मठात राहून जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचे, नळीला पुठ्ठा, बैठकीला प्लायवूड. दुर्बिणी घेऊन बाहेर फिरण्यावरून शेवटी मठातून निघावं लागलं. मग १९६८ मध्ये फुटपाथवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवणाऱ्यांचा गट त्यांच्यामुळे सुरू झाला. स्वस्त आणि साधी ही दोन विशेषणं त्या बैठकीत पहिल्यापासून आहेत, नंतर चिकटवलेली नाहीत.

---

पैसा_वसूल | ११ नोव्हेंबर, ११:०२

म्हणजे ५२५ वाली नको. बरं. मी कार्टमध्ये टाकली होती. काढतो.

---

सांजवेळ | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

मी चिपळूणजवळच्या एका शाळेत शिकवते. काकांशी वाद घालायची हिंमत नाही, पण ७० मिमीच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं.

आमच्या शाळेला काही वर्षांपूर्वी कोणीतरी एक मोठी दुर्बीण भेट दिली. विषुववृत्तीय बैठकीची, वजनंबिजनं लावलेली, फोटोत फार देखणी. जोडायलाच आम्हाला तीन रविवार लागले. मग कळलं की त्या बैठकीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपल्याकडे ध्रुव किती वर? जेवढा अक्षांश तेवढा. म्हणजे साडेसतरा अंश. शाळेच्या उत्तरेला डोंगर आणि त्यावर आंब्याची बाग, ध्रुव बागेत. शिवाय अक्ष तेवढा खाली झुकवला की वजनाचा दांडा स्टँडच्या पायावर आपटायचा. बनवणाऱ्याच्या डोक्यात आपल्यासारखं विषुववृत्ताजवळचं गाव नसावंच. ती दुर्बीण आता प्रयोगशाळेत काचेआड आहे आणि पाहुणे आले की तिच्याबरोबर फोटो काढतात.

त्यानंतर मी स्वतःच्या पैशाने ७० मिमीची साधी भिंगवाली घेतली. गेली पाच वर्षं मुलांना तीच दाखवतेय. काय दिसतं ते सांगते, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. चंद्र, अप्रतिम. गुरूचे दोन पट्टे आणि चार चंद्र, हो. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, हो, पण राखाडी, फोटोतला गुलाबी रंग डोळ्याला कधीच दिसत नाही. हंसाच्या चोचीतला जोडतारा, एक सोनेरी एक निळसर, मुलींना सगळ्यात जास्त आवडतो. देवयानीतली दीर्घिका म्हणजे काचेवर फुंकर मारल्यासारखा डाग. तारे टिंबच दिसतात, कितीही मोठी दुर्बीण आणा. "बाई, हा मोठा का नाही झाला?" हा प्रश्न दरवर्षी येतो.

आणि चंद्र पौर्णिमेला दाखवू नका! सगळे पौर्णिमेलाच बोलावतात. तेव्हा चंद्र सपाट, पिठाच्या भाकरीसारखा. अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, खड्ड्यांच्या कडा वर आल्यासारख्या दिसतात. येत्या २८ तारखेला, शुक्रवारी, अर्धा चंद्र आहे.

---

आरसेघाशा | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

ताई, वाद घाला की. ७० मध्ये दिसतं हे खरंच. पण त्या आखूड ७० बरोबर जो स्टँड येतो त्याबद्दल आपण मौन पाळलंत.

---

सांजवेळ | ११ नोव्हेंबर, ६:४४

पाळलं. माझा तिसऱ्या महिन्यात बदलला. :)

---

भिंगरी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१०

हो, स्टँडवर बोलूया, कारण निम्म्या दुर्बिणी स्टँडमुळे कपाटावर जातात, भिंगामुळे नाही.

दुकानात परीक्षा अशी करायची. दुर्बीण स्टँडवर चढवा, लांबच्या पाटीवर रोखा, सगळ्यात बारीक आयपीस लावा आणि नळीला टिचकी मारा. पाटी स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एक-दोनच्या आत थांबली तर ठीक. पाच मोजून झाले आणि अजून हलतेय, तर लक्षात घ्या, फोकस करायला हात लावाल तेव्हा प्रत्येक वेळी हेच होणार. गच्चीवर वारा असेल तर विचारू नका.

तीच परीक्षा मी पहिल्या दुर्बिणीच्या वेळी केली नाही. पाय इतके पोकळ की ॲल्युमिनियमचे आहेत की बर्फीच्या वर्खाचे असा प्रश्न पडावा. मधल्या दांड्याला पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगला आणि पाय अजिबात न लांबवता बुटके ठेवले, तेव्हा कुठे चंद्र थांबला. उपाय चालतो. पण गुडघ्यावर बसून आकाश बघावं लागतं.

आयपीसच्या दांडीला पट्टीही लावा. सव्वा इंच, म्हणजे साधारण ३२ मिमी, हवी. साडेचोवीस भरली तर जुनी बारकी पद्धत, तिला पुढे चांगलं आयपीस मिळवणं कठीण.

---

ओलाकोकण | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

राजापूरकर दिसले म्हणून लिहितो. दुर्बीण गावी ठेवून येऊ नका. मी ठेवली होती, "पुढच्या वेळी ओझं नको" म्हणून. मे महिन्यात नीट पुसून, डब्यात घालून, लोखंडी कपाटात. गणपतीला उघडली तर भिंगावर आतून कोळ्याचं जाळं. बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, पुसून जात नाही. आता पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा टाकतो. आणि रात्री दंव पडलेलं असताना झाकण लावून लगेच बॅगेत कोंबायची नाही. घरात आणून, उघडी ठेवून, वाळली की मग.

हे १३० ला पण लागू आणि ७० ला पण. आरसा दमट हवेत काळवंडतोही लवकर.

---

काठावरचा_प्रेक्षक | १२ नोव्हेंबर, ११:१५

वाचनखूण साठवली. उपयुक्त धागा.

---

तिसरा_मजला | १३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. पाट वाचून बायको हसली, ही प्रगती समजतो.

आज ऑफिसमधल्या एकाची १३० हातात घेऊन बघितली. मिटवलेली छान बसते बाहूत. पण स्कूटरवर? पुढे पायाशी ठेवली तर ब्रेक दाबता येईना, पाठीवर घ्यायला तिची पेटी गोल, लचकते. आणि किंमत विचारल्यावर तो म्हणाला "सोड ना". आरशांची जुळणी अधूनमधून करावी लागते असंही म्हणाला. ते कठीण असतं का?

---

सातासमुद्रा | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

कठीण नाही, पण पहिल्या वेळी घाम फुटतो. तीन स्क्रू फिरवायचे, मधला ठिपका मध्ये आणायचा. सायकलच्या ब्रेकच्या तारा ज्याला जुळवता येतात त्याला येतं. स्कूटरवरून बदलापूरच्या रस्त्याने नेलीत तर मात्र प्रत्येक वेळी करावं लागेल. भिंगवालीला हे लफडं नसतं, हा ७० चा मोठा मुद्दा आहे आणि काका तो मुद्दाम विसरले.

---

आरसेघाशा | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१५

विसरलो नाही. जुळवायला मजा येते म्हणून अडचण वाटत नाही.

घाई करू नका एवढंच सांगतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे. असल्या ठिकाणी एका रात्रीत पाचसहा जातीच्या दुर्बिणींना डोळा लावता येतो. नुसतं रांगेत उभं राहून बघू नका. ज्याची आहे त्याला विचारा की मी स्वतः फिरवून एक तारा शोधू का. शोधताना जीव मेटाकुटीला आला की समजायचं ती आपली नाही. शिवाय तिथेच कोणाची तरी जुनी विकायची असते.

---

पैसा_वसूल | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

माझ्या मेव्हण्याची एक ७० आहे पडून. शनी बघितला काल. कडी नाहीत!! नुसता गोळा. भिंग खराब असणार.

---

भिंगरी | १५ नोव्हेंबर, १:०५

भिंग बरं आहे. शनीचंच वर्ष वाईट आहे.

कडी म्हणजे पातळ चकती. शनीच्या साधारण साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा ती आपल्याला बरोबर कडेवर दिसते, पुस्तकाचं पान डोळ्यासमोर आडवं धरल्यासारखी. या वर्षी मार्चमध्ये तसं झालं, आणि आत्ता नोव्हेंबरअखेर पुन्हा जवळपास तसंच, अर्ध्या अंशाहूनही कमी तिरकी. ७० मध्ये बारीक रेघ दिसली तरी नशीब. पुढच्या वर्षीपासून उघडत जातील. पण दुर्बीण विकू नका आणि परतही करू नका त्या कारणावरून. संध्याकाळी अंधार पडला की भाद्रपदा चौकोनाच्या खाली शनी आहे, बाजूला एक फिका ठिपका दिसला तर तो टायटन, शनीचा चंद्र, असायची दाट शक्यता. तो बघा.

---

पैसा_वसूल | १५ नोव्हेंबर, १:२०

ठिपका होता! मी धूळ समजून भिंग पुसलं.

---

भिंगरी | १५ नोव्हेंबर, १:२२

कशाने पुसलंत?

---

पैसा_वसूल | १५ नोव्हेंबर, १:३०

बनियनने.

---

ओलाकोकण | १५ नोव्हेंबर, १:४५

🙏 धूळ राहू द्या हो. चार कणांनी काही बिघडत नाही, एका ओरखड्याने बिघडतं. फुगा दाबून हवा मारायची आणि गप्प बसायचं.

---

तिसरा_मजला | ३० नोव्हेंबर, रात्री ११:३८

ताजी खबर. काका, तुमचं अर्धं ऐकलं.

तुम्ही म्हणालात तसं एका रात्रीच्या कार्यक्रमाला जाऊन आलो. दोन दुर्बिणी स्वतः फिरवल्या. तिथल्याच एका गृहस्थांकडे ७० मिमी, ४०० फोकल लेंथची नळी होती, दोन आयपीससकट, स्टँड तुटलेला. साडेतीन हजारांत दिली. वर "स्टँड तुटला ते तुमचं भाग्य" असंही म्हणाले.

आता स्टँड. माझा चुलतभाऊ लग्नाचं शूटिंग करायचा. आता सगळं हातात धरायच्या यंत्रावर करतात म्हणून त्याचा जुना व्हिडिओ ट्रायपॉड माळ्यावर होता. हे जाडजूड पाय, तेलात फिरणारं डोकं, लांब मूठ. नळीच्या खाली कॅमेऱ्याचाच आटा आहे, सरळ बसली. भिंगरीताईंची टिचकी मारली. एक म्हणेपर्यंत चंद्र थांबला. मुठीवर अजून "शुभविवाह" लिहिलेली सोनेरी पट्टी आहे, ती मी काढणार नाही.

नळी शाळेच्या दप्तरात, ट्रायपॉड खांद्यावर. एका खेपेत वर. घड्याळ लावून बघितलं, दरवाजाला कडी लावल्यापासून चंद्र दिसेपर्यंत सात मिनिटं, त्यातली तीन सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली घेण्यात. फाइंडर (नेम धरायची नळीवरची छोटी दुर्बीण) दुपारीच लांबच्या पाण्याच्या टाकीवर जुळवून ठेवला होता.

शुक्रवारी अर्धा चंद्र होता, सांजवेळ ताई. काही लिहीत नाही. मधोमध एकाखाली एक तीन मोठे खड्डे, निम्मे काळोखात. धाकटा म्हणाला "चंद्राला कोणी बोटं लावलीत."

---

सांजवेळ | १ डिसेंबर, सकाळी ७:१०

टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल. बरोबर अष्टमीचीच तिघं. धाकट्याला माझ्याकडून शाबासकी.

---

आरसेघाशा | १ डिसेंबर, सकाळी ७:३०

४०० फोकल लेंथ, १० मिमीचं आयपीस, म्हणजे ४० पट. गुरूचे पट्टे जेमतेम दिसतील. वाचलेल्या पैशातून एक बरं ६ मिमी आयपीस घ्या, ६७ पट होतील. तेजस्वी वस्तूभोवती जांभळी कडा दिसेल, आखूड भिंगाचा तो धर्म आहे, तक्रार करू नका. उरलेले पैसे बँकेत. दोन वर्षांनी १३० साठी याल माझ्याकडे, मी वाट बघतो.

---

घाटमाथा | १ डिसेंबर, दुपारी २:००

आणि त्या उरलेल्यात १० बाय ५० बसतं.

---

तिसरा_मजला | २१ डिसेंबर, रात्री १०:२०

६ मिमी आलं. काल अमावस्या होती, आकाश बदलापूरच्या मानाने चांगलं. शनी बघितला, बोरात काडी खुपसल्यासारखा, तीही काडी दिसली की भास झाला ते शपथेवर सांगत नाही. साडेनऊला गुरू मिथुनात बराच वर आला होता. पट्टे दोन. दोन्ही! जांभळी कडा आहे, तक्रार नाही.

तळमजल्यावरचे आजोबा किल्ली कोणाकडे म्हणून विचारत वर आले आणि मग खाली जाऊन अजून चौघांना घेऊन आले. लाल जिलेटिनचा कागद टॉर्चला लावला होता, तरी प्रत्येकाने मोबाईल काढून अंधाराला सरावलेले डोळे घालवलेच. एकाने विचारलं, यातून माझी पत्रिका दिसेल का. गुरू कुठल्या राशीत ते मी दाखवलं, पुढचं त्यांच्यावर सोडलं.

बायको शुक्रवारपासून रोज वर येतेय. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तिने गुरूचा गोल काढून चंद्रांची टिंबं मांडायला सुरुवात केलीय, तारीख आणि वेळ घालून. शुक्रवारी डावीकडे दोन, उजवीकडे दोन. शनिवारी तीनच. तिचं म्हणणं, चौथा मी स्टँड हलवून घालवला.

---

आरसेघाशा | २२ डिसेंबर, पहाटे ५:३५

स्टँडचा दोष नाही. चौथा गुरूच्या मागे गेला असेल किंवा पुढ्यात आला असेल. वहिनींना सांगा, असं झालं की तासा-दोन तासांनी पुन्हा बघून त्याच पानावर दुसरी ओळ काढायची.